आधी पट्टी, मग हात

माझ्या भावाला बापाने लहानपणीच नाव ठेवलं होतं, पुसण्या. मी बरणी फोडली की हा काचा वेचून स्वतःच्या खिशात घालायचा आणि बापासमोर उभा राहून म्हणायचा, "काही झालंच नाही." काचांनी मांडी कापून चड्डी लाल झालेली, तरी काही झालंच नाही. मग मार दोघांना बसायचा, मला फोडल्याबद्दल आणि त्याला खोटं बोलल्याबद्दल. त्याचं प्रेम हे असं, नेहमी दुप्पट महागात पडणारं.

माझ्या नवऱ्याचा हात प्रेसखाली गेला तेव्हा त्याच्या सगळ्यात जवळ हाच होता.

आमच्या कारखान्यात बिजागऱ्या बनतात. प्रेसमध्ये पत्रा सरकवायचा, वरचा डाय धाडकन खाली येतो आणि बिजागरीचं पान कापून बाहेर पडतं. नवरा एका प्रेसवर, भाऊ शेजारच्या प्रेसवर आणि मी भिंतीकडच्या टेबलावर पॅकिंगला. प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला आणि एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच डाय खाली येतो, म्हणजे हात दोन्ही बाहेर आणि इजा कुणालाच नाही. ज्याने हे शोधून काढलं त्याचं डोकं चांगलं होतं, पण त्याने आमचा मॅनेजर पाहिलेला नव्हता. दोन्ही हात बटणांवर ठेवून मॅनेजरला हवा तेवढा माल कुणाच्या बापाच्याने निघत नाही, आणि नाही निघाला तर माणूस उद्यापासून घरी.

म्हणून प्रत्येक जण एका बटणावर लाकडाची चकती ठेवतो आणि तिच्यावरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधतो. ते बटण कायमचं दाबलेलं राहतं. मग एका हाताने पत्रा सरकवायचा आणि दुसऱ्या हाताने उरलेलं बटण मारायचं. त्या पट्टीला सगळे जावई म्हणतात. नुसता बसून असतो, काडीचं काम करत नाही, पण त्याच्यावाचून घरातलं पान हलत नाही. मॅनेजरला हे माहीत नव्हतं असं म्हणणाऱ्याच्या थोबाडीत मी मारीन. जुन्या ट्यूबा तोच आणून कोपऱ्यात टाकायचा, सहज पडल्यासारख्या.

बाहेरचं कुणी तपासायला आलं की दारावरचा वॉचमन ओरडायचा, "पाणी आलं!" लगेच सगळे जावई खिशात. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी नळाला पाणी आलं असं मी म्हटलं तरी माझा भाऊ खिसा चाचपायचा. कारण पट्टी सापडली तर चूक तुमची. नोकरी गेली, आणि हात तुटला असेल तर भरपाईही गेली. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे शिकवायचे. काही झालं तर आधी पट्टी काढ.

त्या दिवशी सकाळी दोघांचं वाजलं होतं. भावाने नवऱ्याची सायकल नेली, कुठेतरी आपटली, चाक वाकडं करून आणली आणि वर म्हणतो, काही झालंच नाही. नवऱ्याने सगळ्यांदेखत त्याची कॉलर धरून त्याला पत्र्यांच्या थप्पीवर आपटलं. भावानेही त्याच्या पोटात गुडघा घातला. लोकांनी सोडवलं, हसले आणि कामाला लागले. साल्या-मेहुण्यांत चालायचंच.

दुपारी एक पत्रा तिरका बसला. नवऱ्याने तो सरळ करायला उजवा हात आत घातला, आणि डावा हात सवयीने बटणावर पडला. एवढंच. डाय खाली आला आणि वर गेलाच नाही, कारण खाली पत्रा दुमडला होता आणि त्या दुमडीत माझ्या नवऱ्याची बोटं होती.

किंकाळी मला माणसाची वाटलीच नाही. मशीनचा पट्टा घासला असेल असं वाटून मी हातातला खोका बंद करत राहिले. मग नवरा माझ्या नावाने ओरडला. मी पोचले तेव्हा तो गुडघ्यांवर बसला होता, हात वर, मशीनच्या तोंडात. तेलकट लोखंडावरून रक्त घरंगळून त्याच्या बाहीत जात होतं. भाऊ डाय चालवणाऱ्या मोठ्या चाकात पहार घालून ते उलटं फिरवत होता, मानेच्या शिरा तटतटलेल्या आणि तोंडाने हुंदके. डाय वर आला तेव्हा तीन बोटं पत्र्यालाच चिकटून राहिली. बिजागरीच्या भोकांच्या जागी भोकं पडलेली. भावाने हात आपल्या शर्टात गुंडाळला, नवऱ्याला खांद्यावर टाकलं आणि धावत सुटला. त्याने सोडवलं, हे खरं. मी ते नाकारणार नाही.

पण त्याच्याआधी काय झालं ते फक्त नवऱ्याने पाहिलं होतं. शुद्धीवर आल्यावर त्याने मला सांगितलं, अगदी हळू आवाजात, आणि मला तोच आवाज सहन झाला नाही.

"मी ओरडतोय, हात आत आहे. तो आला, आणि माझ्याकडे बघतसुद्धा नाही. पट्टी सोडवतोय. गाठ निघेना तर दातांनी तोडली. खिशात घातली. मग गेला पहार आणायला."

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. तीन बोटं गेली ती गेली, करंगळीचाही भरवसा नाही. पण अंगठा चेंगरला असला तरी जिवंत आहे. मोठ्या इस्पितळात लवकर ऑपरेशन झालं तर तो वाचेल. "अंगठा असला तर हात हा हात असतो," त्या म्हणाल्या. "पकडता येतं. अंगठा गेला आणि पू वर चढला तर मनगटातून काढावा लागेल." पण भरपाई कार्यालयाने हा कामावरचा अपघात आहे असं म्हटल्याशिवाय मोठं इस्पितळ दारात उभं करत नव्हतं. तेवढा एक होकार, की अंगठा आमचा.

आणि अशा वेळी आमचे बंधुराज वॉर्डात आले. डोळे रडून सुजलेले, पण चेहऱ्यावर आनंद. नवऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "दाजी, काळजी करू नका. मी पट्टी काढली होती. आता तुमची चूक कुणी म्हणूच शकत नाही."

नवरा उठून बसला. उशाशी पाण्याचा स्टीलचा तांब्या होता, तो त्याने डाव्या हाताने उचलला आणि भावाच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. भाऊ खाली बसला तर नवरा पलंगावरून त्याच्यावर पडला आणि मारतच राहिला, कानावर, डोक्यावर, जिथे लागेल तिथे. "माझा हात आत होता! हात आत होता माझा!" सलाईनची सुई उपटून त्याच्या दंडावर रक्ताची रेघ आली. भावाने एकदाही हात उगारला नाही. उलट नवऱ्याचा बँडेजचा हात जमिनीला लागू नये म्हणून तो खालून धरून होता. मी लगेच मध्ये पडले नाही. चार बसू दिल्या, मग सोडवलं.

भरपाई कार्यालयाचा साहेब मात्र गोड माणूस. गालात पेपरमिंट, नखं स्वच्छ, आणि प्रत्येक वाक्याआधी, "तुमचं दुःख मी समजू शकतो, ताई." तो पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसला.

"प्रेसला दोन बटणं. दोन्ही मोकळी होती, मॅनेजरांनी लगेच पाहिलं. मग यांचे दोन्ही हात बटणांवर असणार. हात आत गेला कसा?"

"पट्टी बांधलेली होती," मी म्हटलं.

"असं म्हणताय? पण पट्टी कुणाला सापडली नाही. आणि मॅनेजर म्हणतात, ही प्रेस पट्टीला दाद देत नाही. प्रत्येक वेळी दोन्ही बटणं सोडून पुन्हा दाबल्याशिवाय ती हलतच नाही. कंपनीने मुद्दाम तशी सोय केलेली आहे."

ती सोय केव्हाच मेलेली होती, वायरी तोडून. हे कारखान्यातलं मांजरसुद्धा सांगेल.

"मग राहतं एकच," साहेब म्हणाला. "दुसरं बटण दुसऱ्या कुणीतरी दाबलं. सकाळी यांची मेहुण्याशी मारामारी झाली होती, सगळ्यांनी पाहिली. इथेही झाली म्हणे. ताई, भरपाई कामावरच्या अपघाताला मिळते. घरच्या भांडणाला मिळत नाही. ते पोलिसांचं काम."

म्हणजे माझ्या भावाने माझ्या नवऱ्याचा हात मुद्दाम चिरडला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये हा पेपरमिंट चघळतोय. मी विचारलं, ती प्रेस पट्टी बांधून एका हाताने चालते असं दाखवलं तर? तो म्हणाला, तर गोष्टच वेगळी. मग दोष कंपनीचा, आणि मी त्याच दिवशी होकार देईन. मी म्हटलं, मग चला.

नवरा ऐकेना, तोही आला. अंगात ताप, हात गळ्यात अडकवलेला, आणि बँडेजला असा वास की बसमध्ये शेजारचा माणूस उठून उभा राहिला. कारखान्याच्या दारात शिरताना वॉचमनने माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि ओरडला, "पाणी आलं!" आत पोचेपर्यंत एकाही बटणावर जावई नव्हता. इतकी वर्षं शेजारी बसून ज्यांनी आमचा डबा खाल्ला, ते सगळे दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबत होते, नव्या नवरीसारखे खाली बघून. मी एकेकाला विचारलं, "सांग, पट्टी बांधतोस की नाही?" एकजण कुजबुजला, "वहिनी, मला दोन पोरं आहेत." मी त्याच्या पायाशी थुंकले. मलाही पोरगी आहे.

नवऱ्याच्या प्रेसवर दुसरा माणूस उभा होता. मॅनेजरने त्याला बाजूला केलं. मोठं चाक गरगरत होतं. साहेबाने डायच्या जबड्यापाशी हात नेला आणि मला समजावू लागला, लहान मुलाला समजावतात तसं.

"हे बघा. हात इथे. आता दुसरं बटण कुठे? तिथे. पोचतो का हात?"

"पट्टी बांधू द्या," मी म्हटलं.

"तसं करता येणार नाही," मॅनेजर म्हणाला. "मशीन खराब होईल. आणि बांधून चालतच नाही, मी लिहून देतो."

"चालत नाही ना? मग भिता कशाला?"

भाऊ नाकावर बँडेज लावून भिंतीशी उभा होता. मी जाऊन त्याच्या खिशात हात घातला. पट्टी तिथेच होती, चकतीसकट. दातांनी तोडलेली, गाठीत नवऱ्याचं वाळलेलं रक्त. त्याने ती टाकून का दिली नव्हती, कोण जाणे. मी चकती ठेवली आणि उजव्या बटणावर पट्टी आवळली. मॅनेजर पुढे आला तसा नवऱ्याने त्याच्या छातीत डोकं घातलं आणि दोघं पत्र्यांवर कोसळले.

"ठेवा हात आता," मी साहेबाला म्हटलं.

त्याने हात मागे घेतला. पटकन घेतला, गरम तव्यावरून घ्यावा तसा. पेपरमिंट तोंडातून खाली पडलं.

त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. ज्या मशीनने काही होतच नाही असं हा शपथेवर सांगत होता, त्या मशीनमध्ये हा स्वतःची नखं घालायला तयार नव्हता. मी त्याचं मनगट धरलं. दिवसभर खोके बांधणारे हात आहेत माझे, त्याच्या मनगटाची हाडं माझ्या मुठीत करकरली. मी त्याला ओढून डायखाली आणलं आणि कोपर पाठीत रेटून त्याला मशीनवर दाबून धरलं. माझा एक हात त्याच्या मनगटावर. दुसरा बटणावर. एकच.

"ताई, नको!" भाऊ ओरडला. मग त्याचा आवाज बंद झाला.

कुणीतरी माझे केस धरून मागे ओढत होतं, कुणीतरी बरगडीत लाथ घातली. मी हलले नाही. साहेब लहान मुलासारखा रडत होता, त्याची पँट ओली झाली होती.

"बोल! येतो का खाली?"

"येतो! येतो! बाई, सोड, येतो!"

"एका हाताने?"

"हो! हो!"

झालं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. तिथे मी त्याला सोडायला हवं होतं. पण पत्र्यांवर पडलेला माझा नवरा त्याच हळू, तापलेल्या आवाजात म्हणाला, "दाब."

मी दाबलं. तळव्याने, पूर्ण, बुडापर्यंत. डोळे मिटले आणि हाडांच्या आवाजाची वाट पाहिली.

काही झालंच नाही.

चाक गरगरत होतं. डाय जागच्या जागी. मी पुन्हा दाबलं, पुन्हा पुन्हा मारलं, बटण नुसतं खटखट वाजत राहिलं. तेवढ्यात त्यांनी मला ओढून खाली पाडलं. आणि मग मी मान वळवून पाहिलं तर भिंतीशी माझा भाऊ उभा होता, त्या प्रेसच्या मेनस्विचच्या दांड्यावर दोन्ही हात आणि दांडा खाली. मेन पाडला तरी मोठं चाक आपल्या वजनाने कितीतरी वेळ फिरत राहतं. बटणं मात्र मेलेली असतात.

साहेबाने हात बाहेर काढला, उलटसुलट करून पाहिला, बोटं एकेक हलवून पाहिली. मग त्याने रुमालाने तोंड पुसलं, आणि त्याचा तो गोड आवाज परत आला.

"पाहिलंत सगळ्यांनी? पट्टी बांधलेली होती. बटण दाबलं. प्रेस आली नाही."

"मी मेन पाडलाय!" भाऊ किंचाळला. "मी पाडला! थांबा, चालू करतो, आता बघा!"

पण मॅनेजर रक्ताळलेल्या कपाळाने उठून मेनस्विचसमोर उभा राहिला होता. दोघांनी भावाचा हात पाठीमागे पिरगाळला. तो ओरडत राहिला, मी पाडला, मी पाडला, आणि जन्मात पहिल्यांदा तो खरं बोलत होता, तर कुणीही त्याच्याकडे पाहिलं नाही. दोन पोरांचा बाप दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबायला लागला होता.

"मघाशी मी जे बोललो ते भीतीने," साहेब मला म्हणाला. "तुमचं दुःख मी समजू शकतो."

सरकारी माणसावर हात टाकला म्हणून मला आत घेतलं. तिथल्या हवालदारीणबाईंनी बोलण्याआधी माझ्या दोन्ही गालांवर मोजकंच पण मनापासून काम केलं, ते जाऊ दे. मी सुटून आले तेव्हा पू दंडाकडे निघाला होता म्हणून डॉक्टरीणबाईंनी थांबायचं सोडून दिलं होतं. नवऱ्याचा हात मनगटापाशी संपत होता.

त्यानंतर भाऊ घरी आला. आत यायचा धीर नव्हता, उंबऱ्यातच बसला. नवरा जेवत होता, डाव्या हाताने, अर्धं ताटात आणि अर्धं मांडीवर. मला वाटलं आता ताट फेकून मारेल. त्याने नुसतं विचारलं.

"मेन का पाडलास?"

"ताई जन्मभर तुरुंगात गेली असती, दाजी."

"आणि माझ्या वेळेला? तेव्हा मेनवर का नाही गेलास? आधी पट्टीवर का गेलास?"

"तुमची भरपाई गेली असती." त्याने डोळे पुसले. "आम्हाला तसंच शिकवलंय. तुम्हीच शिकवलंत मला, पहिल्या दिवशी. आधी पट्टी, मग हात."

नवऱ्याने तो थोटा हात ताटाच्या कडेवर टेकवला. मग माझ्याकडे वळला.

"तू दाबलं होतंस?"

"दाबलं होतं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

त्याने मान हलवली आणि सरकून भावाला ताटाशी जागा केली. दोघं एका ताटात जेवले. मला दोघांचाही राग आला, आणि मला नि पोरीला या दोघांवाचून कुणी नाही, याचा त्याहून जास्त.

साहेबाचा हात धड आहे. तो अजूनही कुठल्यातरी पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसत असेल, त्याच हाताने पेपरमिंट सोलत असेल. भावाने मला वाचवलं, असं सगळे म्हणतात. शेजारीण म्हणते, केवढं पाप टळलं. मी हो म्हणते. रोज सकाळी नवऱ्याच्या मनगटाला तेल चोळते, तो विचारतो, अंगठा दुखतोय असं का वाटतं गं, आणि मी चोळत राहते. माझा तळवा त्याच्या थोट्या हातावर असतो आणि मनात मी ते बटण दाबत असते, पूर्ण, बुडापर्यंत, आणि मेन चालू असतो.